दादाच्या दोन वाटा

दादा निवृत्त झाला आणि वहिनीच्या माहेरगावी राहायला गेला, तेव्हा लालबागला आमच्या चाळीत कुणाला ते खरं वाटलं नव्हतं. पस्तीस वर्षं वर्कशॉपात फिटर असलेला माणूस कोकणातल्या त्या बाजाराच्या गावात करणार काय? तो धावायला लागला. खरं म्हणजे पुन्हा धावायला लागला. मी अकरा वर्षांची असताना हाच मला पहाटे उठवून चिंचपोकळीच्या पुलावरून भायखळ्याच्या भाजीबाजारापर्यंत धावत न्यायचा. रस्त्यावर कोबीची पानं पडलेली असायची आणि त्यांवरून पाय घसरायचा. दादा मागे न बघता ओरडायचा, "कडेने ये गो बाय, कडेने!" मग लग्न, नोकरी, मुलगी, आईचं आजारपण यांत माझं धावणं सुटलं ते सुटलंच. पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला, तेव्हा पुन्हा बूट घेतले.

गावात दादाने स्वतःसाठी दोन वाटा ठरवल्या होत्या. एक नदीची. बाजारपेठेच्या मागून, मच्छी विकायला बसतात त्या ओट्यांवरून घाटावर उतरायचं आणि भाताच्या मळ्यांच्या बांधाने थेट साकवापर्यंत जायचं. साकव म्हणजे माणसांपुरता अरुंद लोखंडी पूल. दुसरी सड्याची. साकव ओलांडला की दगडी पायऱ्यांची पाखाडी, तिच्यावर काजूच्या बागा, आणि मग एकदम उघडा काळा कातळ, तोच सडा. तिथून नदीची दोन्ही वळणं दिसतात, गावाची कौलं दिसतात, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवरची गर्दीसुद्धा दिसते. दादा फोनवर मला हे सगळं सांगायचा. मी परळच्या एका रुग्णालयात रक्त तपासते. चहाच्या वेळेला त्याचा फोन यायचा आणि मी सुईच्या डब्यांशेजारी उभी राहून पाखाडीला किती पायऱ्या आहेत ते ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात आणि पाय गेल्यासारखेच झाले. तेव्हापासून मी दर महिन्याला दोन दिवस जायला लागले, वहिनीला जरा उसंत मिळावी म्हणून. शनिवारी पोचायचं, त्याला आंघोळ घालायला मदत करायची, हाताचे व्यायाम करून घ्यायचे, आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत.

पहिल्याच खेपेला तो पडवीत खुर्चीवर बसून म्हणाला, "बूट आणलेस?"

"आणलेत."

"मग जा. नदीने जा. ये आणि मला सांग."

मी गेले, आणि येऊन सांगितलं. पाणी किती उतरलंय, कोणाच्या मळ्यात लावणी झालीय, साकवाची कुठली फळी हलतेय. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, "बांधावरचं ते उंडीचं झाड बघितलंस?" पुढच्या महिन्यात त्याने मला सड्यावर पाठवलं. मग हे ठरूनच गेलं. शनिवारी नदी, रविवारी सडा. गावातली माणसं मला 'धावणारी नणंद' म्हणायला लागली. मला ते आवडायचं, खोटं का बोलू?

पण मी दमत गेले. एकदम नाही, हळूहळू. इकडे लालबागला आमची चाळ रिकामी करायची नोटीस आली होती. सामान बांधायचं आणि तात्पुरत्या जागेत न्यायचं. मुलीची परीक्षा होती. रुग्णालयात दोन माणसं कमी झाली आणि त्यांच्या पाळ्या आम्ही उरलेल्यांनी वाटून घेतल्या. सकाळी धावायला निघायची ती गिरणीतल्या मसाल्याच्या खकाण्याने खोकत दोनशे पावलांवर थांबायची. घरी येऊन अंघोळीच्या बादलीशेजारी नुसती बसून राहायची. नवऱ्याने एकदा विचारलं, "या महिन्याला नाही गेलीस तर?" मी म्हटलं, "दादा वाट बघतो."

त्या थंडीतल्या एका रविवारी मी सड्यासाठी निघाले. मळ्यांत कुळीथ उगवला होता, नदीवर पांढरी वाफ होती. साकव ओलांडला, पाखाडीची पहिली पायरी चढले आणि पाय उचलेना. दुखत नव्हता. नुसता उचलेना. मी तिथेच बसले. दगड गार होता. समोरच्या काजूवर कावळे ओरडत होते. मला वाटलं पाच मिनिटं बसावं. बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होतं आणि एक म्हातारी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. "बरं नाय का गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बरं आहे मावशी," आणि उठून परत फिरले.

दादा पडवीत होता. "झाला सडा?"

"झाला," मी म्हणाले.

"काय दिसलं?"

"धुकं होतं रे. काही दिसलं नाही नीट. कातळावर दव होतं."

वहिनीने चहा आणून ठेवला. दादाने उजव्या हाताने कप उचलला, परत ठेवला.

"सड्यावर जेसीबी लागलाय," तो म्हणाला. "रस्ता कापतायत. चार दिवस झाले. दूधवाला सांगून गेला. पाखाडीच्या वर माणसाला जाऊच देत नाहीत."

मला तोंड वर करवेना. वहिनी दारात तशीच उभी राहिली.

"मग विचारलंस कशाला?" मी म्हटलं. आवाज चढला माझा. "माहीत होतं तर पाठवलंस कशाला?"

"वाटलं येऊन सांगशील. कापलेलं कसं दिसतं ते."

"मी दमलेय दादा! घर जातंय, नोकरीवर उभं राहवत नाही, आणि इथे येऊन तुझ्यासाठी धावायचं. मी खाली बसले. पायरीवर झोपले. झोपले मी, समजलं?"

तो रागावेल असं वाटलं. लहानपणी अर्ध्यावर थांबले तर दिवसभर बोलायचा नाही. पण त्याने हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि फार हळू म्हणाला, "झोपलीस त्याचं काही नाही गो. पण या घरात मला सगळे खोटं सांगतात. ही म्हणते बरा होशील. डॉक्टर म्हणतो प्रगती आहे. ती व्यायामाला येणारी मुलगी म्हणते, काका, पुढच्या वर्षी धावाल. तू येऊन पाण्याचं, फळीचं सांगायचीस ना, तेवढंच खरं ऐकायला मिळायचं मला."

वहिनी आत निघून गेली. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. तो म्हणाला, "तू रक्त तपासतेस. माझे रिपोर्ट बघतेस. सांग."

मी डॉक्टर नाही. पण अठ्ठावीस वर्षं रुग्णालयात काढलीत आणि व्यायामाला त्याचा हात दर महिन्याला मीच धरत होते. म्हटलं, "पाय अजून थोडा सुधारेल. काठीने चालशील. हात पूर्वीसारखा होईल असं मला वाटत नाही. धावणं नाही, दादा."

त्याने मान हलवली. खूप वेळ हलवत राहिला. मग म्हणाला, "चहा गार झाला."

मी त्याच्या पुढ्यातला कप उचलून आत गेले. वहिनी चुलीपाशी पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं ती मला बोल लावेल. तिने नुसतं विचारलं, "तुम्ही खाल्लंत का काही?" मग मला भाकरी वाढली. खाऊन झाल्यावर मी माजघरात चटईवर आडवी झाले ती संध्याकाळी पाचला उठले. दुपारची गाडी केव्हाच गेली होती. कुणी उठवलं नव्हतं. सोमवारची रजा फोनवर टाकली, पलीकडून वरिष्ठ बाई जे बोलायचं ते बोलल्या, आणि मी ऐकून घेतलं.

आता मी दोन महिन्यांतून एकदा जाते. मधल्या महिन्यात वहिनीचा भाऊ येऊन राहतो. हे आधीच विचारता आलं असतं, पण मी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सुचवलं नव्हतं. सड्यावरचा रस्ता झाला आणि त्यावरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे डंपर जातात. दादा काठीने बाजारपेठेच्या तोंडापर्यंत चालतो. मी त्याच्याबरोबर चालते, त्याच्या वेगाने. मध्ये दोनदा थांबावं लागतं. थांबलो की दोघंही दुकानाच्या पायरीवर बसतो, आणि दादा काठी टेकून उठला की मीही उठते.