दादासाहेबांच्या घोड्या, आमच्या दुर्बिणी

आमच्या विज्ञान केंद्रात चहाला चौघं जमली की दादासाहेबांचा एखादा किस्सा निघतोच. माणूस जाऊन वर्ष झालं, किस्से मात्र वाढतच चाललेत!

दादासाहेब तिसगावकडचे मोठे बागायतदार. कविता करायचे, पुण्याच्या रेसला घोडे पळवायचे आणि घोडा जिंकला की केंद्राला काहीतरी घेऊन द्यायचे. मी तिथं विज्ञान शिकवतो. आमची रीत अशी, की ज्या घोड्यामुळे उपकरण आलं, त्याला त्या घोड्याचंच नाव.

एकदा नव्या मॅडमना सांगितलं, "स्वातीला ऊन लागतंय, आत घ्या." मॅडम थेट शेजारच्या, दादासाहेबांच्या तबेल्यात गेल्या आणि खरीखुरी घोडी व्हरांड्यात घेऊन आल्या. दुर्बीण बिचारी अंगणात तापत होती. दादासाहेब म्हणाले, "राहू द्या. दुर्बीण तिनंच घेतलीय, तिला कुठं कधी बघायला मिळाली?"

नवी कविता ते आधी घोडीला वाचून दाखवायचे. तिनं कान टवकारले तरच पसंत. मी एकदा त्यांच्या खिशातला गूळ काढून घेतला आणि पुन्हा वाचायला लावलं. घोडीनं तोंड फिरवलं.

"साहेब, ती कविता ऐकत नाही, गुळाचा वास घेते."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "आता संमेलनालाही गूळ घेऊन जातो."

थोरल्या भावाला, आप्पांना, यातलं काहीच पटायचं नाही. आम्हाला म्हणायचे, "घोडी, कविता आन् तुमची ती भिंगं. माझा भाऊ तुमीच वाटून घेतला. मला काय ऱ्हायलं?" यावर कुणाला हसता यायचं नाही.

दादासाहेबांनी देहदानाचं ठरवलं, तेव्हा तर आप्पांनी अबोलाच धरला. दादासाहेब मुलीला, सुनंदाताईला, म्हणाले, "आप्पा नको म्हणाला तर भांडू नकोस. पण माझी इच्छा सांग त्याला."

ते गेले त्या दिवशी भावकी सरपणाच्या तयारीला लागली होती. सुनंदाताई आप्पांसमोर गेली आणि रडत म्हणाली, "आप्पा, बाबांना कॉलेजला द्यायचंय. पण तुम्ही हो म्हणाल तरच."

आप्पा काठी घेऊन उठले आणि ॲम्ब्युलन्समध्ये भावाशेजारी जाऊन बसले.

मेडिकल कॉलेजात सगळं उरकलं. डॉक्टरांनी हात जोडले, आम्ही निघालो. आप्पा हलेनात.

"डॉक्टर, शिकनारी पोरं नवीच असत्याल न्हवं?"

"हो, पहिल्या वर्षाची."

"मग त्यास्नी सांगा, डावा गुडगा जरा जपून धरा. घोड्यावरनं पडल्याला हाय तो. तिथं लई दुखतं त्याला."