दबक्या आवाजातली उपासना

बाळ जगणार नाही, असं दुबईच्या देरा भागातल्या डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यातच सांगितलं. नव्वदचं दशक होतं. "इथं गर्भ पाडता येत नाही. इंडियात जाऊन मोकळ्या व्हा," त्या हळूच म्हणाल्या.

बायको म्हणाली, "प्रभूनं दिलंय. मी परत कशी करू?"

माझी श्रद्धाही तीच होती, पण ओझं तिच्या पोटात होतं. बाळ जन्मलं आणि दुपारपर्यंत गेलं.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, अल कुसैसमधल्या आमच्या खोलीत उपासना भरली. घरात प्रार्थनेला जमायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही खिडक्या लावून दबक्या आवाजात गात असू. पाळकसाहेबांनी तसंच गीत सुरू केलं.

"आज तरी मोठ्यानं म्हणा हो," बायको म्हणाली. "बाळाला ऐकू जाऊ दे."

पाळकसाहेबांनी होकारार्थी मान हलवली, पण रडू आवरून गाणं कुणालाच जमेना. ती एकटीच मोठ्यानं गात राहिली.