सुमनताईंची मंडई

काल मंडईत आमच्या शहराच्या माजी महापौर सुमनताई मेथी निवडताना दिसल्या. पदावर असताना त्यांनी रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना उठवून या नव्या मंडईत बसवलं, आणि पुढच्याच निवडणुकीत त्या पडल्या.

भाजीवाली म्हातारी त्यांना सरळच म्हणाली, "ताई, तवा म्या तुमास्नी मत दिलं न्हवतं."

"ठाऊक आहे," ताई हसल्या. "आता पावसात भाजी भिजते का?"

"न्हाई. डोक्यावर छप्पर हाय की."

ताईंनी समाधानाने मान डोलावली. मला वाटलं, निवडणुकीत माणूस पडतो, पण त्याचं काम लोकांच्या रोजच्या जगण्यात मिसळलं की ते कुणाला पाडता येत नाही.

म्हातारीने जुडी पिशवीत घातली आणि जरा सरकून ताईंना ओट्यावर बसायला जागा केली.