दसऱ्याला पुसलेलं मशीन

गिरणीत दसऱ्याला आम्ही मशीन पुसायचो. मी वाइंडिंग खात्यात होते, बॉबिनवरचं सूत कोनावर भरायचं काम. पट्टा बंद झाला की बायका ओलं फडकं घेऊन बसायच्या. एकेक चाक, एकेक खिटी फिरवून फिरवून पुसायची, कारण फिरवल्याशिवाय मागची घाण निघत नाही. मुकादम बोट लावून बघायचा. बोट काळं झालं की परत पुसा. मग झेंडूचा हार, हळद-कुंकू. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, तिथे आता काचेची ऑफिसं आहेत. हाताची सवय मात्र गेली नाही. म्हणून ते झालं.

लालबागला चाळीत आमची एक खोली. मी, सून आणि नात. मुलगा गेला, ते सांगत बसत नाही. सून हॉस्पिटलात आया आहे. नात बी.कॉम. झाली, पण जीव सगळा गिटारीत.

गिटारीला आवाज काढायला म्हणे मोठा खोका लागतो, कपाटाएवढा. आमचं आहे ते कपाटच अर्धं दार अडवून उभं आहे. म्हणून तिने एक मशीन आणलं, वहीएवढं. वर फिरवायची बटणं, दोन दाबायची, छोटासा पडदा.

"आजी, ह्याच्यात सगळे अ‍ॅम्प आहेत, सगळे स्पीकरचे खोके आहेत. खरं काहीच नाही, पण आवाज खऱ्यासारखा. माइकसुद्धा आहे. स्पीकरच्या मधोमध धरला की आवाज टोचतो, कडेला सरकवला की मऊ होतो."

"नसलेला माइक सरकवतेस कसा गो?"

"बटणाने."

"बरं आहे. उद्या नसलेलं पापलेट तळ मग."

खूप हसली होती.

पण काम हसण्यासारखं नव्हतं. दुपारी दोन ते चार, शेजारी कामावर असतात तेवढ्या वेळात, ती मशीन छोट्या स्पीकरला लावायची आणि तोच सूर परत परत वाजवायची. बटण जरासं फिरव, वाजव, ऐक, परत फिरव. दोन महिने. तिची जाडी तार वाजली की फळीवरच्या पिठाच्या डब्याचं झाकण झणझणायचं. शेवटी मी वैतागून झाकणाखाली फडक्याची घडी कोंबली.

मग दादरला एका नाटकात काम निघालं. स्टेजच्या बाजूला बसून प्रत्येक प्रयोगाला वाजवायचं. संगीत करणाऱ्या माणसाने तिला तालमीच्या हॉलवर बोलावून ऐकलं आणि म्हणाला, "हाच आवाज पाहिजे. दसऱ्याला तालमी सुरू, चार वाजता ये. पण हाच." दुसरा एक वाजवणारा त्याने बघून ठेवला होता, तेही सांगून टाकलं.

दसऱ्याला सून ड्युटीवर होती. सकाळी नात फुलं आणायला खाली गेली. मशीन चालूच होतं. मी म्हटलं, हिची पोटापाण्याची वस्तू, पूजेला घ्यायची तर पुसून घेऊ. फडकं ओलं करून पिळलं आणि बसले. एकेक बटण फिरवून मागची धूळ काढली. दाबायची बटणं जोर लावून घासली. पडद्यावर काहीतरी लुकलुकायला लागलं. म्हटलं, हे बंद व्हायला पाहिजे. म्हणून परत दाबलं. लुकलुक थांबली. मला वाटलं, झालं.

ती झेंडू घेऊन आली, गिटार लावली, तार छेडली. माशी डब्यात अडकावी तसला आवाज निघाला.

"हात कोणी लावला?"

"पुसलं मी."

तिने पडदा बघितला. "पुसता पुसता सेव्ह केलंस आजी. ते विचारत होतं, करू का म्हणून. तू हो म्हणालीस. जुनं गेलं."

"परत आणता येत नाही?"

"दुसरीकडे ठेवलं नव्हतं मी." मग ओरडली, "कशाला हात लावतेस गं? ही काय गिरणी आहे?"

फुलं तशीच पिशवीत राहिली.

साडेदहा वाजले होते. ती कानाला हेडफोन लावून बसली. अ‍ॅम्प कुठला होता ते तिला आठवत होतं. खोका कुठला ते तीन-चार खोक्यांत अडलं. माइक कुठे सरकवला होता, ते अजिबात नाही. बारा वाजले. जेवली नाही. एकदा मशीन उचलून आपटणार असं वाटलं, पण हळूच खाली ठेवलं. ते बघून मला जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, "कानातलं काढ. स्पीकरला लाव."

"तुला काय कळणार आहे त्यातलं?"

"दोन महिने ऐकलंय मी. तू बटणं बघत होतीस. मी भाजी निवडत होते, माझे कान मोकळे होते."

तिने स्पीकरला लावलं. वाजवलं. मी म्हटलं, "टोचतंय. साचेखात्यात मागांच्या मधोमध उभं राहिल्यावर टोचायचं, तसं. तुझा आवाज दाराबाहेरून ऐकल्यासारखा होता."

ती बटण फिरवायला लागली. "आता?"

"अजून बाहेर."

"आता?"

"हां. वरचं बरोबर वाटतंय. खाली पोकळ आहे."

खालचं काही जमेना. ती खोके बदलत गेली, मला सगळे सारखेच वाटायला लागले. खरं सांगायचं तर माझाही कान थकला होता. एवढ्यात शेजारीण दारात आली.

"सणाला पण चालूच काय गो तुमचं? देवाला तरी झोपू दे."

"आज तिची परीक्षा आहे," मी म्हटलं. ती "बरं, बरं," म्हणून गेली.

तेव्हा माझं लक्ष फळीवर गेलं. मी उठले आणि डब्याच्या झाकणाखालची घडी ओढून काढली.

"स्पीकर त्याच जागी आहे?"

"हो."

"त्याचं आवाजाचं बटण?"

"त्याला नेलपॉलिशची खूण आहे, हललं नाही. का?"

"जाडी तार वाजव. हे झाकण बोलेपर्यंत वाजव."

पहिल्या खोक्याला झाकण गप्प. दुसऱ्याला गप्प. तिसऱ्याला थोडं सळसळलं. तिने खालच्या आवाजाचं बटण केसभर फिरवलं, परत केसभर, आणि झाकण झणझणलं. दोन महिने मला वैताग देणारं तेच.

तिने आधी फोनवर एक कॉपी ठेवली, मग मशीनमध्ये ठेवली. तीन वाजून गेले होते. पाण्याचा घोट घेऊन निघाली. दारातून "येते" म्हणाली. नेहमी वळून बघते, आज बघितलं नाही.

मी जेवण झाकून बसले. पाच वाजले, सहा वाजले. फोन करावा असं दहादा वाटलं, केला नाही. खालच्या मजल्यावरच्या बायका सोनं वाटायला आल्या, आपट्याची पानं हातात दिली, मी घेतली. काय बोलले ते आठवत नाही.

साडेसातला आली. चपला काढल्या, मशीन पिशवीतून काढून पाटावर ठेवलं. मी वाट बघत होते.

"दोनदा वाजवायला लावलं," ती म्हणाली. "मग म्हणाले, परवा होता तसाच नाही वाटत. खाली जरा जड झालाय."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मग म्हणाले, राहू दे जड. उद्यापासून ये."

मी पदराने तोंड पुसलं. सकाळची फुलं पिशवीत मऊ पडली होती, तरी काढली. हळद-कुंकवाची वाटी घेतली, तशी तिने माझं मनगट धरलं.

"इथे लाव आजी, कडेला. बटणांना नको."

मी कडेला लावलं. मग उठून झाकणाखालचं ते फडकं उचललं, आणि परत तिथे न कोंबता खिळ्याला टांगून ठेवलं.