बार उडवायच्या आधी

भुताखेतांच्या गोष्टी मला पटत नाहीत. या सदरातल्या वाचते, पण निम्मे लोक फेकतात असं माझं मत आहे. माझ्या गोष्टीत भूत नाही, म्हैस आहे. तरी ती मला उलगडत नाही, म्हणून लिहिते.

मी औशाची. शिक्षण चौथी. नात शिवलीला नौदलात आहे — आमच्या घरात समुद्र पाहिलेली पहिलीच. सुट्टीवर आली तेव्हा तिने काम सांगितलं. तोफांचा सराव असला की आधी हिने दुर्बिणीतून पाणी बघायचं. देवमासा दिसला तर कळवायचं, मग सराव थांबतो. त्या आवाजाने म्हणे त्यांचे कान जातात, पिल्लू आईपासून तुटतं. माझा मुलगा म्हणाला, "मग लढाईत काय माशांना विचारणार का?"

"लढाईत न्हाई पप्पा. शिकताना तर विचारता येतं की."

मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे विहीर खोदताना सुरुंगाचा बार उडवतात. आधी चारी दिशांना ओरडायचं, माणसं-जनावरं लांब गेली की मगच उडवायचा. विहीर तर पाहिजेच. थांबायला काय जातं?

तर शिवलीला परत जहाजावर गेली, त्यानंतरचा हा एक सोमवार. माझी म्हैस दिवस भरलेली, पहाटे दावं तोडून गेली. मी आणि सून महानंदा शोधत शेजारच्या शेताच्या बांधावर पोचलो. तिथे नव्या विहिरीचं काम चालू होतं. बार लावणारा मस्तानभाई ओरडून आडोशाला बसलेला, हात बॅटरीच्या तारेवर. आणि दगडांच्या ढिगामागे मला म्हशीचे कान दिसले... शेजारी ओलं रेडकू.

मी ओरडले, "थांब शिवलीले, बाळंतीण हाय!"

मस्तानभाईने हात काढला. महानंदा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आत्याबाई, शिवलीला कुठंय इथं?" मला सांगायचं होतं मस्तानभाईला. नातीचं नाव कसं आलं, कोण जाणे. तो वर म्हणतो, "मौसी, मेरेकू शिवलीला बना डाले." हसून हसून आमचं पोट दुखलं. रेडकू उचलून नेलं, म्हैस मागोमाग आली. मग बार उडाला, पाणीही लागलं. घरी खरवस झाला.

काही दिवसांनी जहाज बंदराला लागलं आणि शिवलीलेचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "आज्जी, सोमवारी सकाळी तू मला हाक मारली का?"

"का गं?" मी विचारलं. मग तिने सगळं सांगितलं.

त्या सकाळी ती डेकवर पहाऱ्याला होती. पाणी मोकळं दिसत होतं. तसं कळवायला तोंड उघडलं — आणि कानामागून माझा आवाज. थांब शिवलीले, बाळंतीण हाय. तिने कळवलं, थांबा. साहेबांनी विचारलं, काय दिसलं? दिसलं तर काहीच नव्हतं. उगाच सराव अडवला ठरलं असतं तर नव्या पोरीच्या हातून ते काम गेलं असतं. तरी ती म्हणाली, "सर, थोडा वेळ द्या." त्यांनी दिला. मग समोरच पाणी फाटलं, फुस्सकन श्वास सोडत देवमाशाची मादी वर आली, कुशीला पिल्लू. डेकवरचे मोठमोठे गडी लेकरांसारखे नाचले म्हणे. जहाज पार लांब नेलं, तिथे तोफा उडवल्या, सराव पुरा झाला.

तुला कसं कळलं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्या गावाकडं बार उडवायच्या आधी थांबतात."

मुलगा म्हणतो योगायोग. असेल. पण म्हशीचं तिला आमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं, मी सगळ्यांना खोदून विचारलं. आणि 'बाळंतीण' हाच शब्द? औशातून समुद्रावर आवाज कसा जातो, मला ठाऊक नाही. शिकलेल्यांनाही विचारलं, त्यांनाही नाही.

एक मात्र झालं. सुनेवर ओरडायच्या आधी आता मी जरा थांबते. कुठल्या जहाजावर ऐकू जाईल, नेम नाही. महानंदा म्हणते, "आत्याबाई, त्या देवमाशापेक्षा जास्त भलं माझंच झालं."