टाकळा राखणारे हमीदभाई

हमीदभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलाने दुबईहून फोन करून सांगितलं. मी इथे महाडातच, त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर... आणि तोवर दफनही उरकलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उभी हयात कशेडी घाटात ट्रक चालवून त्यांनी दासगावच्या वाटेवर, नाल्याकाठी थोडी जमीन घेतली. नाल्यातून कारखान्यांचं पाणी यायचं. भात पिवळं पडायचं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "टाकळा पेरा. जमिनीतलं विष तो ओढून पाल्यात साठवतो. दरवर्षी उपटून बाजूला करायचा, माती हळूहळू सुधारेल."

लोक टाकळा उपटून फेकतात, आणि हे पेरायला लागले! गावाला हसायला विषय मिळाला. पण कोवळा पाला बघून बाया भाजीला आल्या, तेव्हा हमीदभाई काठी घेऊन बांधावर उभे. "नेऊ नका गो, इख हाय त्यात."

"इख असतं तर असा हिरवागार आला असता व्हय?" एक म्हातारी फणकारली. "रानचा पाला देताना पण जीव जातो याचा!"

झालं, कंजूष म्हणून नाव पडलं. बायको आधीच गेलेली, त्यात लोकांनी येणंजाणंही तोडलं. सात पावसाळे हा माणूस छत्री धरून एकटा त्या बांधावर बसला.

"उपटलेला कुठं टाकू, सर?" ते विचारायचे. जाळायचा नाही, नदीत नाही, गुरांना तर नाहीच. "सध्या घरात ठेवा," मी सांगितलं. सध्या! खरं तर मलाही ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करायला जीभ रेटली नाही. बाहेरची खोली गोणींनी भरली. पाहुण्याला बसायला जागा उरली नाही... पाहुणे तरी कुठे यायचे म्हणा.

दर पावसाळ्यात हसून विचारायचे, "यंदा खाऊ का भाजी, आपल्या शेतातली?" मी म्हणायचो, "अजून नाही." "बरं," म्हणायचे.

परवा शेतावर गेलो. टाकळा आपोआप उगवलेला, आणि तीच म्हातारी टोपली भरत होती. "भाई नाय आता. आता तरी नेऊ दे."

"आजी, खरंच विष आहे त्यात. मीच त्यांना पेरायला लावला होता."

ती माझ्याकडे वळली. "सर, तुमी सांगताय म्हंजे खरंच असंल." तिने टोपली तिथेच रिकामी केली आणि निघून गेली.

एवढंच पुरेसं होतं. सात वर्षांत एक दिवस मी त्या बांधावर जाऊन उभा राहिलो असतो, तर... त्यांची काठी अजून शेतातल्या खोपीला टेकलेली आहे. हाताच्या जागी गुळगुळीत झालेली.