आईचा धंदा

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला सांगलीतली ती बँक आठवते. आई माधवनगरला घरी ब्लाउज शिवायची आणि दोन खोल्या बांधण्यासाठी कर्ज मागायला आम्ही दोघं गेलो होतो. पगाराची स्लिप नाही म्हटल्यावर साहेबांनी अर्जात व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहिलं आणि कर्ज अवघड असल्याचं सांगितलं. दारात एक एजंट कुजबुजला, “आवं मावशी, गिरणीची स्लिप देतो की बनवून.” क्षणभर मला मोह झाला. आई मात्र तशीच आत वळली. “साहेब, खोटा कागद मी आणणार न्हाई. पण ते गृहिणी खोडा. शिलाईचा धंदा हाय माझा. घरी येऊन बघा.” चार दिवसांनी ते खरंच आले. मापांच्या वह्यांची चळत चाळून त्यांनी ताटकळलेल्या एका बाईला विचारलं, “कधीपासून येता?” ती म्हणाली, “माझ्या लग्नापासनं. आता लेकीच्या लग्नाचं टाकलंय, आन ही लय वाट बघायला लावती!” साहेब हसले आणि त्यांनी तिथंच ‘गृहिणी’ खोडलं. कर्ज एकाच खोलीपुरतं मिळालं. आज त्याच खोलीत बसून मी हे लिहितो आहे आणि तिच्या एकाही विटेखाली खोटा कागद नाही.